पुढची ओळ

"नोला, मान खाली ठेव. साबण डोळ्यांत गेला तर माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

पण नोला बिग्जने बेसिनमधून मान बाहेर काढली ती काढलीच. पार्लरच्या काचेपलीकडे एक लांबलचक पांढरी गाडी थांबत होती. स्टिलवेल क्रीकमध्ये असली गाडी एक तर लग्नाला येते, नाही तर मयताला. आज गावात दोन्ही नव्हतं. साधी शनिवारची सकाळ होती.

गाडीतून आधी एक चाळिशीचा माणूस उतरला आणि त्याने मागचं दार धरलं. मग चमचमत्या खड्यांचे बूट बाहेर आले, मग लालभडक कोट, आणि मग तो केसांचा डोंगर. या डोंगराचा फोटो नाही असं घर सगळ्या केंटकीत सापडायचं नाही.

"अगं बाई! मेव्हिस टिल्सन!" नोला ओरडली. साबण डोळ्यांत गेला होता, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"दिसतंय मला," ओपल हॅचर म्हणाली आणि तिने नळ बंद केला. "केस कुणी केलेत कोण जाणे हिचे. मागून पार बसलेत."

बोलायला ती असं बोलली खरी, पण एप्रनला हात पुसून तिने घाईघाईने स्वतःचेच केस सारखे केले. मेव्हिस या दारात आली त्याला बरीच वर्षं झाली होती.

ओपलचं पार्लर म्हणजे दोन खुर्च्या, एक बेसिन आणि केस वाळवायची दोन जुनी यंत्रं. नवऱ्याच्या, व्हर्जिलच्या, फुफ्फुसांत खाणीतला कोळसा बसला तेव्हा तिने हे सुरू केलं. त्याआधी ती मेव्हिसच्या मागे उभी राहून गायची. मागे म्हणजे खरोखरच मागे, ढोलवाल्याच्या शेजारी. रेकॉर्डवर तिचं नाव कधी आलं नाही. पण मेव्हिसचं सगळ्यांत गाजलेलं गाणं गाजलं ते ओपलच्या चुकीमुळे, आणि हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

गाणं होतं 'ताट झाकून ठेव, आई'. रेकॉर्डिंगच्या दिवशी मेव्हिस रात्रभर बसमधून प्रवास करून आलेली. शेवटच्या कडव्यात ती अडखळली, दुसरी ओळ तिला आठवेना. तशी ओपलने ती चटकन, अर्धी बोलत अर्धी गात, पुढे टाकली. तिला त्यात वावगं वाटलं नाही. तिचा बाप हायरम आयुष्यभर ओढ्याकाठच्या चर्चमध्ये पुढे उभा राहायचा. तिथे वाद्यं नाहीत आणि सुरांची पुस्तकंही नाहीत. पुढचा माणूस घाईघाईने ओळ सांगतो, मग सगळे तीच ओळ सावकाश, लांबवत गातात. ओपल त्यात वाढली आणि पलीकडच्या दरीतली मेव्हिसही त्यातच वाढली. तर ओपलने सांगितलेली ओळ मेव्हिसने उचलली, गाणं पुढे गेलं, आणि ऐकणाऱ्यांना ती चूक इतकी आवडली की तेव्हापासून लोक ती ओळ नेहमी दोनदा म्हणतात. मोटारीत, लग्नात, भांडी घासताना.

"ओपल!" मेव्हिसने दारातच हात पसरले. "अगं, तू म्हातारी झालीस!"

"आणि तू काय पाळण्यातून उठून आलीस? बस. त्या खुर्चीत नको, तिचा पाय मोडलाय."

दोघींनी एकमेकींना मिठी मारली ती लवकर सोडली नाही. नोला डोक्याला टॉवेल गुंडाळून, आपल्याला कुणी बाहेर तर काढत नाही ना, या भीतीने गप्प बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

गाडीवाल्याचं नाव क्लेटन. मेव्हिसची आजवरची सगळी गाजलेली गाणी एका संग्रहात काढायची, हे काम त्याच्याकडे होतं. जुन्या टेप ज्या कंपनीकडे होत्या ती द्यायला तयार नव्हती, म्हणून सगळी गाणी मेव्हिस नॅशव्हिलच्या स्टुडिओत नव्याने गात होती.

"एकच राहिलंय, मिस ओपल," तो म्हणाला. "कुठलं ते तुम्हाला सांगायला नको."

"ते तर झालं म्हणे," ओपलने टॉवेल झटकला. "रेडिओवर सांगत होते. नॅशव्हिलची कोण एक पोरगी माझी ओळ गाणार होती."

"गायली की," मेव्हिस म्हणाली. "फार छान गायली. इतकी छान की मला जांभई आली."

"म्हणून आता म्हातारीची आठवण झाली वाटतं."

"रुसलीस?"

"रुसते कशाला? माझी ओळ, माझी चूक, आणि विचारायला पहिल्यांदा गेलात ते जिचे दुधाचे दात पडले नाहीत तिच्याकडे. मी मुळीच रुसले नाही."

नोला टॉवेलमध्ये खुसखुसली. मेव्हिसही हसली. ओपलने फ्रीजमधून गोड चहाचा जग काढला, सकाळीच तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या बशीत घातल्या आणि बशी जरा आपटूनच तिच्यापुढे ठेवली. मेव्हिसने करंजीचा मोठा घास घेतला, डोळे मिटले आणि प्रेमाने विचारलं,

"व्हर्जिल कसा आहे गं?"

नोलाने चहाचा पेला तोंडापासून खाली आणला. क्लेटन आपल्या बुटांकडे बघायला लागला. व्हर्जिल जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि त्याच्या मयतीला मेव्हिस सगळे कार्यक्रम सोडून आली होती.

ओपलला एका क्षणात सगळं कळलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"आहे तिथेच आहे," ती हळूच म्हणाली. "चर्चच्या मागे, ओकच्या झाडाखाली. निवांत आहे."

मेव्हिसचा चेहरा उतरला. "मी गायले होते ना तिथे?"

"गायलीस तर. सगळी दरी रडवलीस."

मेव्हिसने करंजी खाली ठेवली, बोटांची साखर रुमालाला पुसली आणि ती एखाद्या लहान मुलीसारखी ओपलचा एप्रन धरून बोलायला लागली.

"गाणी निसटतायत गं माझी. बाकीची कशीबशी केली. समोर कागद धरला तर कागदावर कुठे होते तेच सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, हे असंच वाढत जाणार. मला भीती वाटते, ओपल. हे एक गाणं तरी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात गायचंय. अजून माझं आहे तोवर."

"मी म्हटलं त्यांना, ओळ ओळ घेऊ आणि जोडू," क्लेटन म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती. "सगळेच तसं करतात. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना! मला गोधडी नकोय, गाणं हवंय."

ओपलने एप्रनवरचा तिचा हात आपल्या हातात घेतला. पण तिने चर्चबाहेर कुठे गाऊन किती काळ लोटला होता, आणि हल्ली तर तिथेही ती ओठच हलवायची. "माझा आवाज कुठे राहिलाय गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं हेअरस्प्रे पोटात गेलाय. बेडूक बरा."

"तुला आवाज होता कधी?" मेव्हिस म्हणाली. "म्हणून तर मागे उभी करत होते."

यावर नोला इतक्या मोठ्याने हसली की तिच्या डोक्यावरचा टॉवेल सुटला. मग ओपलही हसली आणि हसता हसता तिने एप्रनला डोळे पुसले. "बरं. कधी यायचं नॅशव्हिलला?"

"नॅशव्हिल कशाला? इथेच. आत्ता. नंतरचं मी काही सांगू शकत नाही."

क्लेटनने पार्लरभर नजर फिरवली, आवाज कसा घुमतो ते टाळी वाजवून बघितलं, मान डोलावली आणि गाडीतून यंत्र, मायक्रोफोन आणि गिटार आणायला गेला. ओपलने दारावर 'बंद आहे' ही पाटी फिरवली आणि घरघर नको म्हणून फ्रीजची वायर काढली. मग तिने नोलाच्या ओल्या केसांत रोलर चढवले, कारण रेकॉर्ड असो नाही तर जगबुडी, ओले केस तसेच सोडलेले तिला चालत नसत.

"तू हलायचं नाहीस," तिने बजावलं.

"श्वास घेऊ ना?"

"थोडा थोडा घे."

क्लेटनने गिटार छेडली. मेव्हिस उभी राहिली, तिने कोट सारखा केला, आणि पहिल्या सुरालाच नोलाच्या अंगावर काटा आला. आवाज जरा खाली बसला होता, पण होता तोच. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्या कडव्यात मेव्हिस एकदम थांबली. तिचे ओठ हलले, शब्द आले नाहीत.

"परत," ती म्हणाली.

परत घेतलं, तर पहिल्याच कडव्यात अडली. तिसऱ्यांदा ती दुसऱ्याच गाण्यात शिरली, आणि आपण कुठे आहोत हे कळल्यावर तिने मुठीने खुर्चीची पाठ धोपटली. "चला, क्लेटन. गोधडी तर गोधडी. शिवा."

क्लेटनने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

मेव्हिसच्या खांद्यावरून ओपलची नजर आरशाकडे गेली. आरशात एक लाल कोटातली घाबरलेली बाई दिसत होती आणि तिच्या मागे, अगदी मागे, एप्रनवाली दुसरी. ओपलला बाप आठवला. हायरमला कुणी सुरेल म्हटलं नसतं, पण तो उभा असेपर्यंत त्या चर्चमध्ये कुणी अडत नसे. आंधळी म्हातारी अडत नसे, आदल्या रात्री पिऊन आलेला अडत नसे. लक्षात ठेवायचं काम पुढे उभ्या असलेल्या माणसाचं. बाकीच्यांनी फक्त गायचं.

ती मागून निघाली आणि मेव्हिसच्या समोर, पुढे येऊन उभी राहिली.

"गिटार राहू दे," ती क्लेटनला म्हणाली. "मेव्हिस, माझ्याकडे बघ. काही आठवायचं नाही. आज रविवार आहे आणि आपण ओढ्याकाठी आहोत."

आणि बापासारखी, हनुवटी वर करून, बेडकाच्या आवाजात तिने ओळ पुढे टाकली.

*ताट झाकून ठेव, आई, वाट अजून लांब आहे...*

मेव्हिसच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. तिने ओळ घेतली. रेकॉर्डवर घ्यायची तशी झटक्यात नाही, तर त्यांच्या डोंगरात घेतात तशी सावकाश, प्रत्येक शब्द लांबवत, वळवत. ओपलने पुढची सांगितली. मेव्हिसने पुढची गायली. तिसऱ्या ओळीला खुर्चीतून आणखी एक आवाज मिसळला. नोलाही त्याच चर्चची, आणि समोरून ओळ आली की गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ओपलने डोळे वटारले, पण क्लेटनने हाताने खूण केली, चालू द्या. कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून तो बसला होता.

*दिवे दिसू लागले, आई, ओढा आला पायांशी,*
*गार असलं तरी चालेल, तुझ्या हातचं असू दे,*
*कोण काय बोललं गावात, सकाळी मला सांग ते,*
*ताट झाकून ठेव, आई, आले बघ मी दाराशी.*

शेवटचा सूर मेव्हिसने इतका लांबवला की तो संपला तरी तिघींना संपल्यासारखा वाटेना. मग तिने अगदी भाबडेपणाने विचारलं,

"पुढे काय गं?"

"पुढे काय असणार? संपलं!"

"संपलं? सगळं गायले मी?"

"सगळं. एका दमात."

आणि मेव्हिस हसली. स्टेजवरचं घोटीव हसू नव्हे, दरीतल्या पोरीचं खिदळणं. तिला बघून ओपल हसली, आणि नोला इतकी हसली की तिचा एक रोलर सुटून फरशीवर टणटणत गेला.

क्लेटनने त्यातलं काही कापलं नाही. संग्रह आला तेव्हा ते गाणं शेवटी होतं, आणि गाण्याच्या शेवटी तो प्रश्न, ते उत्तर, ते हसणं आणि रोलरसुद्धा. कव्हरवर मेव्हिसच्या खाली लिहिलं होतं, 'पुढे ओपल हॅचर'. पार्लरमध्ये ते कव्हर आरशाशेजारी लागलं. नोला प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आपला रोलर ऐकवायची. रेडिओवर गाणं लागलं की आता ओढ्याकाठचे लोक शेवटी एकसुरात ओरडतात, "संपलं!" आणि हसतात.

मेव्हिस आता तिच्या पुतणीकडे असते. ती आता गाडीत बसत नाही, कुठे जात नाही. शनिवारी सकाळी पुतणी फोन लावून देते आणि ओपल तो बेसिनच्या काठावर ठेवते. पलीकडून कधी शब्द येतात, कधी नुसता श्वास. मग ओपल हनुवटी वर करून पहिली ओळ सांगते, आणि पलीकडून ती ओळ, लांबवत, वळवत परत येते. पार्लरमधल्या बायकाही गातात, कुणी डोक्याला साबण लावलेली, कुणी रोलर लावलेली. शनिवारी म्हणे मुद्दाम गर्दी असते.

परवाही तसंच झालं. शेवटचा सूर थांबला आणि फोनमधून आवाज आला, "पुढे काय गं?" आणि मग जरा थांबून, संकोचाने, "तुम्ही कोण?"

नव्याने आलेल्या एका बाईने रेडिओच्या सवयीने "संपलं" म्हणायला तोंड उघडलं. नोलाने तिचं मनगट धरलं.

"मी पुढे उभी आहे," ओपल फोनकडे वाकून म्हणाली. "आता पहिलं कडवं."

आणि हात पुसून तिने पहिली ओळ सांगितली.