गरुडाच्या पंखाखालचा बुडबुडा

आखातातल्या समैस्मा गावच्या त्या व्हिलात शुक्रवारी भरदुपारी पन्नास माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि मधोमध नंदूच्या उघड्या पाठीवर सपासप छडी पडत होती. दर फटक्याला लोक हात जोडत. बहुतेक सगळे शिकलेसवरलेले इंजिनिअर. अक्कल मात्र चपलांबरोबर दाराबाहेर काढून आलेले.

नंदू स्टेडियमच्या साइटवर सुपरवायझर. वर्ल्ड कपची घाई, आणि महिन्यापूर्वी रहमान नावाचा फिटर त्याच्या डोळ्यांदेखत परांचीवरून कोसळून मेला. तेव्हापासून नंदूची वाचाच बसली. "रहमान अंगात शिरलाय," असं भुतं उतरवणाऱ्या धवलगुरुजींनी ठरवलं, आणि सरोजिनीकाकू पुतण्याला आणि त्याच्या बायकोला, विभावरीला, इथे घेऊन आल्या. नंदूचे पायही आता काकूंनीच दाबून धरले होते.

छडीआधी गुरुजींनी बाटली दाखवली होती. "दीडशे वर्षांची, अमेरिकेची! साहेबाची व्हिस्की पचवली हिनं, भुताची काय कथा! आत्ता पांढरी आहे, भूत शिरलं की जांभळी. घ्या वहिनी, बघून घ्या, मागून म्हणू नका!"

विभावरीनं लग्नाआधी चार वर्षं नाशिकला बाटल्यांच्या कारखान्यात तपासणी केलेली. बाटली आपोआप उजेडात धरली गेली. साच्यात उठवलेला गरुड, त्याची मोडकी चोच, आणि डाव्या पंखाखाली तांदळाएवढा बुडबुडा.

मग बाटली चौरंगावरच्या लाल कापडाखाली गेली.

एकविसाव्या फटक्याला नंदूचं डोकं फरशीवर आपटलं, भुवई फुटली. गुरुजींनी कापड उडवलं. बाटली जांभळी! लोकांनी एकच जयजयकार केला.

"अर्धाच उतरलाय," गुरुजी म्हणाले. "अजून एकवीस."

विभावरीनं झेप घेऊन बाटली उचलली. चोच तशीच मोडकी. पंखाखाली बुडबुडा नव्हता.

"ही ती बाटली नाही! एका साच्यातून हजार निघतात, सगळ्यांची चोच मोडकीच. पण बुडबुडा दोघींत सारखा येत नाही!"

छडी तिच्या मनगटावर बसली. कळवळतच तिनं दुसऱ्या हातानं चौरंग उलथला. खालून पांढरी बाटली घरंगळली, बुडबुड्यासकट.

गुरुजींनी जांभळी बाटली हिसकून भिंतीवर फोडली आणि तुटका गळा घेऊन ते तिच्यावर धावले. काकूंनी नंदूचे पाय सोडले, गुरुजींच्या कमरेला मिठी घालून त्यांना खाली पाडलं. क्षणात तीच भक्तमंडळी त्यांना तुडवू लागली.

"खलास! पुरे झालं!" विभावरी ओरडली. "मारून भूत निघत नाही, तशी मारून अक्कलही येत नाही. जुन्या काचेत मँगनीज असायचं. वर्षानुवर्षं उन्हात ठेवली की ती जांभळी पडते, त्याला मंत्र लागत नाही. माझ्या नवऱ्यानं माणूस मरताना पाहिलाय, तो आजारी आहे. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी वस्तू उजेडात धरा. एवढं तरी करा!"

तुडवणारे पाय मागे सरले. काकू रक्ताळलेल्या फरशीवर बसून होत्या.

"मीच धरले होते गं त्याचे पाय."

"मग आता उचलायला धरा, काकू. डॉक्टरकडे न्यायचंय."