जीवरामची किल्ली

चार वाजून दहा मिनिटांनी पारोळ्याच्या केळी पिकवण केंद्रात तिसऱ्या खोलीतला वायू आपोआप सुटला. आत क्रेट लावणाऱ्या भिकुबाई भोवळून दाराशी कोसळल्या. कुणीतरी बाहेर ओढले म्हणून वाचल्या. संगणकाच्या नोंदीत आदेश देणाऱ्याचे नाव होते जीवराम. त्याला जाऊन दहा महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुळ्याहून प्रेमराजनाना आले. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि जीवरामने मिळून ही प्रणाली बांधली होती. वजनाची, वेळेची, वायूची, दारांची अशा लहान स्वतंत्र सेवा, म्हणजे एकेकच काम करणारे संगणकातले प्रोग्राम. एकच साचा नीट घडवायचा आणि गावोगाव वापरायचा. यावल, सोनगीर धरून सात केंद्रे त्याच साच्यातून निघाली.

"नाना, बाहेरून कुणी शिरलेलं नाही," केंद्राची अभियंता दिपमाला म्हणाली. "वेळेच्या सेवेनंच आदेश दिलाय."

नानांनी संगणकावर साचा उघडला. जीवरामने चाचणीसाठी तिसऱ्या खोलीच्या नावे लावलेला रोजचा आदेश तसाच होता. आदल्या दिवशी ती नवी खोली खरोखर प्रणालीला जोडली जाईपर्यंत तो ऐकायला कुणी नव्हते. वायूच्या सेवेने ओळख विचारली नाही, कारण आतल्यांनी आतल्यांवर विश्वास ठेवावा, हा नियम खुद्द नानांचा.

"पण त्याची किल्ली, प्रणालीतली परवानगी, अजून चालते कशी?"

"वर्षश्राद्धाआधी जीवरामआबांचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं." दिपमालाने मान खाली घातली. "तुम्हीच म्हणालात, नाना."

दुपारी तीनपर्यंत नानांनी नियम बदलला. यापुढे प्रत्येक सेवा प्रत्येक आदेशामागची ओळख तपासणार होती. मग त्यांनी जीवरामची किल्ली रद्द केली. बोट मात्र बराच वेळ बटणावर अडून राहिले. रोजचा आदेश त्यांनी मुद्दाम ठेवला. नवा नियम त्याला अडवतो का, हे पाहायचे होते.

भिकुबाई दाराबाहेरच बसून होत्या, आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. "मरेल माणूस वायू सोडस, नि मी मझार जाऊ का? तुम्हना दोस्त शे तो. तुम्हीच जा!"

नाना उठले. "दार लाव," ते दिपमालाला म्हणाले.

आत गार अंधार आणि कच्च्या केळ्यांचा वास. चार वाजून दहा मिनिटे झाली. वरच्या नळीशी बारीक खट्ट झाले. नानांनी श्वास रोखला. वायू आला नाही.

"नाकारलं, नाना!" दार उघडत दिपमाला ओरडली. "या बाहेर!"

नाना जागचे हलले नाहीत. "जीवा, जा आता," नळीकडे बघत ते हलकेच म्हणाले, आणि उत्तराची वाट पाहत उभे राहिले.