उशिरा आणलेली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. रायफल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लांबलचक नळी आणि कानठळ्या बसवणारा बार येत असेल. माझ्यात तसं फारसं काही नाही. माझं काडतूस बारीक, दस्ता आखूड आणि धक्का इतका कमी, की बारा वर्षांच्या पोरीनं खांद्याला लावून बार काढला तरी तिच्या तोंडावरचं हसू जात नाही. आयुष्यभर लोकांनी मला पोराटोरांची बंदूक म्हणून हिणवलं. हिणवू देत बापडे. त्याचं मला दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे आणि तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या दांड्याला आरपार भोक पाडून माझी नळी केली. अक्रोडाच्या लाकडातून माझा दस्ता कोरला, घासला, त्याला तेल पाजलं. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेक बहिणी मोठ्या काडतुसांच्या होत्या. त्या हां हां म्हणता विकल्या गेल्या. मी मात्र पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरी गावात, हॅझेलबाईंच्या दुकानातल्या फळीवर उभी राहिले ती उभीच. गिऱ्हाईक मला उचलायचं, काडतुसाचं माप विचारायचं आणि 'एवढुसं?' म्हणून परत ठेवायचं. आपण कुणालाच नको आहोत ही भावना फार वाईट असते हो.

मग एका ऑक्टोबरात ऑरिन यान्को दुकानात आला. लाकडाच्या गिरणीत काम करणारा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. ओली टोपी हातात धरून तो दाराशीच घुटमळला.

"पोरीला घ्यायचीय. डेलाला. यंदापासून तीही येणार म्हणते शिकारीला," असं म्हणून त्यानं फळीवरची सगळ्यात चिमुकली बंदूक उचलली. "ही बरी आहे. पिसासारखी."

"ठेव ती खाली," हॅझेलबाई म्हणाल्या. "हलकी बंदूक म्हणजे हलका धक्का, असं कुणी सांगितलं तुला? हलकीच जास्त उसळते. अंगात थोडं वजन असलं की ते धक्का पिऊन टाकतं. काडतूस लहान हवं, आणि दस्ता पोरीच्या हाताच्या मापाचा. कुठंय पोरगी?"

"गाडीत बसलीय."

"बूट घ्यायला जातोस तेव्हा पाय घरी ठेवून जातोस का रे? बोलव तिला आत!"

डेला आली ती च्युइंगगम चघळतच. हॅझेलबाईंनी तिचा हात कोपरात दुमडायला लावला, माझ्या दस्त्याचं टोक तिच्या कोपराच्या खळगीत टेकवलं आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते बघितलं. बोट अगदी अलगद पोचलं. मग त्यांनी मला तिच्या खांद्याला लावून दिलं. पोरीनं गाल टेकवला आणि म्हणाली, "बाबा, हीच! दुसरी बघायचीसुद्धा नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू! माझ्यासाठीच कुणीतरी जन्माला आलं होतं, असंच वाटलं. पण हॅझेलबाई मला कापडात गुंडाळताना हळूच ऑरिनला म्हणाल्या, "एमेटच्या वेळी का नाही रे आलास?" ऑरिननं पैसे मोजून ठेवले. मला उचललं आणि तो बाहेर पडला.

एमेट कोण, ते मला घरी गेल्यावर कळलं. यान्कोंच्या बैठकीच्या खोलीत बंदुकांचं काचेचं कपाट होतं. त्यात माझ्या शेजारी ऑरिनच्या बापाची थोरली रायफल उभी होती. वयानं माझ्या आजीसारखी, नळी लांब, काडतूस माझ्या दुप्पट दारूचं. त्या घरातली रीत अशी होती, की प्रत्येक पोरानं आपलं पहिलं हरीण त्याच रायफलीनं मारायचं. ऑरिननं तसंच मारलं होतं. त्याच्या भावांनीही. खांदा काळानिळा झाला की मोठी माणसं पाठीवर थाप मारून म्हणायची, 'झाला गडी तयार!'

"एमेट म्हणजे डेलाचा थोरला भाऊ," थोरलीनं मला सांगितलं. "तेव्हा बारा वर्षांचा, काटकुळा पोरगा. माझा दस्ता त्याच्या बगलेखालून बाहेर यायचा. सरावाच्या दिवशी मी त्याला पहिला धक्का दिला तेव्हा तो मागच्या मागं बसला. दुसऱ्या वेळेपासून तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागला. ऑरिन ओरडायचा, 'डोळे उघडे ठेव!' अगं, भीती खांद्यात बसल्यावर डोळे कसे उघडे राहणार? मी तरी काय करू? माझ्या काडतुसात दारूच तेवढी."

मग, थोरली सांगत होती, शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते. एमेटनं हरणाच्या एका मादीवर बार काढला, डोळे मिटून. गोळी तिच्या मागच्या पायात लागली. बापलेक बर्फातल्या रक्ताच्या मागावर सबंध दुपार चालले. मग नवा बर्फ पडायला लागला आणि माग पुसला गेला. हरीण मिळालं नाही. कुठंतरी तडफडत पडलं असेल, हे पोराला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि संध्याकाळी शिकाऱ्यांच्या जंगलातल्या केबिनवर काय वाट बघत होतं? कात्री! ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापायचा, त्यावर त्याचं नाव लिहायचं आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकायचं, ही त्या मंडळींची जुनी गंमत. ऑरिनचा दोस्त वॉल्ट कात्रीचा मानकरी. त्यानं एमेटला बाकावर उभं केलं. पोरगा रडत होता, "नको ना, वॉल्टकाका," म्हणत होता. सगळे हसत होते. त्यात ऑरिनही होता. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं हसत होता, कारण आपला पोरगा सगळ्यांसमोर रडतोय याची त्याला लाज वाटत होती.

त्यानंतर एमेट कधीच शिकारीला गेला नाही. हळूहळू बापाबरोबर मासे धरायला जाणंही थांबलं. मग एका टेबलावर जेवणंही. शाळा संपल्या संपल्या तो दूर ॲरिझोनात निघून गेला, जिथं बर्फ नाही आणि त्याला ओळखणारं कुणी नाही.

हे सगळं ऐकल्यावर मला कळलं, मित्रांनो, की मी डेलासाठी आणली गेले हे खरं, पण ऑरिन हलक्या धक्क्याची बंदूक शोधत आला तो एमेटच्या आठवणीनं. फार उशिरा आला.

डेलाचे दिवस मात्र आनंदाचे होते. घरामागच्या खडीच्या खाणीत ऑरिन तिला सराव द्यायचा. कानांवर जाड आवरणं घालायची, थोडेच बार काढायचे आणि हात थकला की थांबायचं. 'आज पुरे' असं म्हणणारा ऑरिन कुणी कधी बघितला नव्हता. पहिल्या बारानंतर त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "दुखलं का गं?"

"काय दुखायचंय त्यात?" डेला म्हणाली. "बाबा, तू असा काय बघतोयस?"

हंगामात तिनं मला खांद्याला अडकवून केबिनवर नेलं तेव्हा वॉल्टनं माझ्याकडं बघून पोट धरलं. "काय रे ऑरिन, हरणं मारायची आहेत की खारी?"

"वॉल्टकाका," डेला भिंतीकडं बघत म्हणाली, "मला तर भिंतीवर सगळ्यात जास्त तुमचेच शर्ट दिसतायत!"

अख्खी केबिन खदखदली. दुसऱ्या दिवशी सकाळी बीच नावाच्या उंच झाडांखाली हरणाचा एक नर थांबला. डेलानं श्वास सोडला, डोळे टक्क उघडे ठेवले आणि चाप ओढला. तो जागच्या जागी कोसळला. एकच गोळी, त्याला कळलंसुद्धा नसेल. डेलाचे डोळे भरून आले, तिनं हातमोजा काढून त्याच्या मानेवरून हात फिरवला. ऑरिन तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि तिला जवळ घेतलं.

केबिनवर सगळे टाळ्या वाजवत होते, वॉल्टनं तर मला उचलून माझा मुका घेतला. ऑरिन मला पुसायला म्हणून मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथं तो माझ्या नळीवरून फडकं फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि एकदम म्हणाला, "एमेट, चूक तुझी नव्हती रे. माझी होती. मी तुझ्या मापाची बंदूक आणायला हवी होती. आणि मी हसायला नको होतं." एवढं बोलून तो हमसून हमसून रडला. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडला.

मला वाटलं, आता हा पोराला हे सांगणार. आज ना उद्या सांगणारच.

घरातला फोन आमच्या कपाटाशेजारीच होता. दर रविवारी चर्चहून आलं की ऑरिन ॲरिझोनाला फोन लावायचा. मी आणि थोरली कान टवकारून ऐकायचो.

"हां, एमेट. बरा आहेस ना? इकडं थंडी आहे. तुझ्याकडं उकडत असेल. गाडी कशी चालतेय?" मग गप्प. मग, "डेलासाठी एक बंदूक घेतलीय बघ. हलक्या धक्क्याची." पुन्हा गप्प. "चांगली आहे. तुला... असो. जेवलास का? ठेवतो मग."

"सांग की रे मेल्या!" थोरली कपाटातून कुढायची. पण आमचा आवाज माणसांना कुठला ऐकू जायला!

वर्षं गेली. डेला मोठी झाली, दवाखान्यात नर्स झाली, शहरात राहायला गेली. तिला सुट्ट्या मिळेनाशा झाल्या आणि मला कपाटाबाहेरचा वारा लागेनासा झाला. माझ्यावर धूळ बसली असती, पण ऑरिन बसू देत नव्हता. शिकार बंद केल्यावरही तो अधूनमधून मला मांडीवर घ्यायचा, तेलाचं बोट फिरवायचा आणि तेच बोलायचा. एमेट, चूक तुझी नव्हती. किती नीट बोलायचा! शब्दही अडखळत नसे. हा माणूस माझ्यावर सराव करतोय, हे माझ्या लक्षात यायचं. फोन हातात घेतला की मात्र पुन्हा थंडी, गाडी आणि जेवण.

मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या दिवसांत, ऑरिन अंगणात लाकडं फोडताना खाली पडला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

एमेट आला. डोक्यावरचे केस विरळ झालेला, बापासारखेच रुंद खांदे असलेला माणूस. चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण झालं, बटाट्याचं सारण भरलेले करंजीसारखे पिरोगी आणि हॅम खाऊन माणसं आपापल्या घरी गेली. भाऊबहीण कपाटासमोर येऊन उभी राहिली. एमेटनं थोरलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ही तुझी ना?" त्यानं मला बाहेर काढलं. "एकदा फोनवर बोलला होता हिच्याबद्दल."

"चल, एक बार काढून बघ," डेला म्हणाली. "अरे, हिला धक्काच नाही. माझी शपथ."

नको नको म्हणत तो खाणीपर्यंत आला. डेलानं त्याच्या कानांवर आवरणं घातली. माझा दस्ता त्याला आखूड पडत होता, तरी त्यानं कसाबसा गाल टेकवला. मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात पुष्कळ गाल ओळखले आहेत. तो गाल लोखंडासारखा ताठ झाला. चाप ओढण्याआधीच डोळे गच्च मिटले, खांदा मागं ओढला गेला. बार झाला. गोळी कुठंतरी खडीत गेली.

"बघितलंस ना, काही लागलं का?" डेलानं विचारलं.

"नाही लागलं," एमेट म्हणाला. "पण हे त्या खांद्याला कोण सांगणार?"

मग त्यानं, माझ्याकडं बघत बघतच, विचारलं, "डेला, बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का गं? त्या दिवसाबद्दल?"

"बाबा कधी बोलणाऱ्यातला होता का?" डेला म्हणाली. "नाही रे. मला तरी काही बोलला नाही."

एमेटनं मान हलवली. मी त्याच्या दोन्ही हातांत होते! ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, मला ते शब्दन् शब्द पाठ होतं. माझ्या नळीतून, दस्त्यातून, कुठूनही ते बाहेर पडावं म्हणून मी तडफडले. पण मला बार काढता येतो, बोलता येत नाही. त्यानं मला डेलाच्या हातात दिलं आणि संध्याकाळच्या विमानानं तो निघून गेला.

आता मी डेलाच्या शहरातल्या घरी, कुलूपबंद पेटीत असते. मित्रांनो, तुमच्या घरी शिकार नसेल, पण सायकल असेल, बॅट असेल, दप्तर असेल. पोराला काही देताना आधी त्याचा हात आणि खांदा बघा. आणि चुकलंच, तर ते त्या पोरालाच सांगा, तोंडावर, बोबडी वळली तरी सांगा. आम्हा वस्तूंना सांगू नका. आम्ही सगळं ऐकतो, सगळं लक्षात ठेवतो, आणि ज्याला कळायला हवं त्याच्या हातात असूनही गप्प राहतो.