आक्का, ते तसं म्हणाले नव्हते

महिपतीचा आवाज खांब गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बांधावर उभा राहून तो कुणाला हाक मारी, तेव्हा हायवेच्या कडेला चहा पीत बसलेले ड्रायव्हरसुद्धा वळून बघत. घरातही तो तसाच बोले. लग्नाच्या पहिल्या वर्षी शांतीला वाटायचं, हा माणूस आपल्यावर कायम चिडलेलाच आहे. मग तिला कळलं की तो प्यायला पाणीसुद्धा असंच मागतो.

तो आवाज एका शिमग्यात बसला आणि बसलेलाच राहिला. आधी सगळे म्हणाले, पालखीपुढे ओरडलास म्हणून. मग म्हणाले, बिड्या कमी कर. शेवटी रोह्याच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं, चेहरा गंभीर केला आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या. स्वरयंत्रात कॅन्सर होता आणि ते काढावंच लागणार होतं.

"मग बोलनार कसा?" महिपतीनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"त्याचे उपाय पुढे बघू. आधी जीव," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशननंतर शांतीनं त्याला बघितलं, तेव्हा त्याच्या गळ्याला खाली मध्यावर भोक होतं आणि श्वास तिथून जात-येत होता. नाकात अन्नाची नळी. खोकला आला की कफ तोंडातून न येता त्या भोकातून उडायचा. पहिल्यांदा तो तिच्या हातावर उडाला तेव्हा तिला शिसारी आली आणि ती बाथरूममध्ये जाऊन हात घासत राहिली. पण हॉस्पिटलातल्या सिस्टरनं एकेक गोष्ट शिकवली आणि शांती शिकली. मशीननं कफ ओढायचा कसा, आतली नळी काढून घासायची आणि उकळायची कशी, भोकावर ओलसर गॉज कसं बांधायचं. त्यांची एकुलती लेक मालू तेव्हा बाळंत होऊन सासरी होती, त्यामुळे जे काही होतं ते दोघांचंच. पुढे रेडिएशनचा शेक देणं सुरू झालं, मान भाजल्यासारखी काळी पडली, तरी शांती डगमगली नाही.

त्याच दिवसांत ती आणखी एक गोष्ट शिकली, आणि ती तिला कुणी शिकवली नव्हती. महिपती नुसते ओठ हलवायचा आणि तिला कळायचं. डॉक्टरांना कळत नसे, भेटायला आलेल्या लेकीला कळत नसे. सगळे तिच्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणतायत?" तीस वर्षं त्या मोठ्या आवाजाखाली तिचं बोलणं कुणाच्या कानावर गेलं नव्हतं. आता ती बोलायची आणि माणसं थांबून ऐकायची. हे तिला आवडत होतं. आवडतंय हे तिला कळतही होतं, पण त्याकडे ती बघत नसे.

पावसाळा सरल्यावर ती दोघं घरी आली. नाकातली नळी निघाली होती, मऊ भात गिळता येत होता. महिपती चौथी शिकलेला. त्याच्या उशाशी पाटी ठेवली होती, पण लिहायचा त्याला कंटाळा. शांती असताना पाटीची गरजही पडत नसे.

दिवाळी झाली आणि महिपतीची थोरली बहीण हौसा आली. तिला पेणच्या खाडीकडच्या गावात दिली होती. नवरा मिठागरावर कामाला होता, तो वारला होता, आता ती मुलाकडे राहायची. आई गेल्यावर, लग्न होऊन जाईपर्यंत, हौसानंच महिपतीला सांभाळलं होतं, म्हणून या घरात तिचा शब्द पहिल्यापासून मोठा. दारातच तिनं भावाला बघून हंबरडा फोडला.

"केवढा वाळला गो माझा भाऊ! काय घालतेस काय खायला त्याला?"

हौसानं पदर खोचला आणि चुलीपाशी बसली. पेज तिनं केली, वाटी तिनं नेली, भरवायला तीच बसली. शेजारची धोंडुबाई चौकशीला आली तर तीही हौसालाच विचारू लागली, "आज कसा हाय भाऊ?" शांती मोरीपाशी बसून नळी घासत होती. इतके महिने आपण घाण काढली आणि ही दोन दिवस येऊन आई झाली, असं तिच्या मनात येत होतं.

एका सकाळी महिपतीला खोकला आला. हौसा जवळ होती. तिनं चटकन आपल्या पदरानं त्याचा गळा पुसला.

"हात लावू नका!" शांती ओरडली. "पदर कुठं कुठं लागलेला असतो! आत गेलं काही तर पुन्हा हॉस्पिटल! कळत नाय तर पुढं पुढं कशाला करता?"

हौसाचा हात तसाच वर राहिला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. महिपतीनं शांतीच्या मनगटाला धरलं आणि ओठ हलवले. सावकाश, शब्द सुटे करून. तिला रागवू नकोस. तिला म्हणावं, राहा. शिमग्यापर्यंत राहा.

"काय म्हन्तो गो?" हौसानं विचारलं.

हौसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला ओठांवरचंही कळत नव्हतं, कारण ती सारखी भावाच्या डोळ्यांकडे बघायची.

शांती म्हणाली, "म्हन्तात, तू घरी जा. माणसं आली की मला त्रास होतो. सारखी येऊ नको."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता महिपती पाटी घेईल, शेजारचं कुणी ती हौसाला वाचून दाखवील. पण पाटी त्याला सुचली नाही. तो ओरडायला गेला. सारी ताकद लावून तो ओरडायला गेला आणि आवाज कुठून येणार? गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली, मग कफ, मग खोकल्याची अशी उबळ की चेहरा जांभळा पडला. हात नुसते हवेत फिरले. शांतीनं मशीन लावलं.

हौसा मागे सरकत भिंतीला टेकली. भाऊ आपल्यावर एवढा चिडला, असं तिला वाटलं.

"जाते रे," ती म्हणाली. "जाते मी. तू शांत हो."

दुपारच्या एसटीनं ती गेली.

त्यानंतर महिपती शांतीशी बोलेना. म्हणजे ओठ हलवेना. जेवण हवं का विचारलं तर मान हलवी, गॉज बदलताना गळा पुढे करी, औषध मुकाट घेई. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं एकदोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, "आक्कांना निरोप धाडू का?" म्हणून; त्यानं कूस बदलली. पाटी उशाशीच होती. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही तो लिहून दाखवू शकला असता की माझी बायको खोटं बोलली. त्याचा चुलत भाऊ रोज यायचा, मालू दोनदा येऊन गेली. त्यानं कुणाला काही दाखवलं नाही. आपली अब्रू हा माणूस झाकून ठेवतोय, हे शांतीला उमगलं, आणि त्या दिवसापासून त्याच्यासमोर बसून जेवताना तिचा घास तोंडात फिरू लागला.

सेवा मात्र तिनं आणखी वाढवली. ओटी सारवून काढायची, पडदे धुवायचे, नळी दोनदा उकळायची. गावात तिचं नाव झालं. बायका आपल्या सुनांना सांगायच्या, शांतीकडून शिका.

संक्रांतीनंतर बचत गटाचं हळदीकुंकू शाळेच्या पटांगणात होतं. धोंडुबाई गटाची अध्यक्ष. तिनं सरपंचांना बोलावून शांतीचा सत्कार ठेवला आणि महिपतीलाही खुर्चीवर पुढे आणून बसवलं. गळ्याला पांढरा रुमाल, अंगात इस्त्रीचा सदरा. धोंडुबाईनं माईक हातात घेतला.

"आपल्या महिपतीभाऊंचा आवाज गेला," ती म्हणाली, "पन शांतीनं त्यांना मुकं होऊ दिलं नाय. आज तीच त्यांचं तोंड हाय! त्यांच्या मनातलं एकेक अक्षर तिला कळतं नि ती आपल्याला सांगते."

टाळ्या झाल्या. शांतीच्या हातात साडी-नारळ दिला गेला. तिनं नकळत पुढच्या खुर्चीकडे बघितलं. महिपतीही टाळ्या वाजवत होता. इतरांसारख्याच, सावकाश. टोमणा असता तर तो तिनं ओळखला असता, इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. टोमणा नव्हता. तिनं त्याच्यासाठी किती केलं ते त्याला खरंच ठाऊक होतं, म्हणून तो टाळ्या वाजवत होता. आणि दुसरंही ठाऊक होतं. तिला नारळ धरवेना. माईक पुढे आला तर ती "काय बोलू" एवढंच म्हणाली. बायकांना ते तिचं साधेपण वाटलं.

दुसऱ्या दिवशी चुलत दिराला घरी बसवून तिनं पेणची एसटी पकडली. गडब, वडखळ मागे गेलं तरी काय बोलायचं ते तिला ठरवता येईना. पेणच्या स्टँडवरून मिनीडोर रिक्षात दाटीवाटीनं बसून ती खाडीकडच्या गावात उतरली. हौसा अंगणात सुकट निवडत होती. शांतीला बघताच तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"महिपती..."

"बरे हायत आक्का. काही झालेलं नाय. मी दुसऱ्या कामाला आले." शांती तिथेच खाली बसली. "आक्का, तुम्ही घरी होतात ना, तेव्हा ते तसं म्हणाले नव्हते. जा म्हणून नव्हते म्हणाले. शिमग्यापर्यंत राहा म्हणत होते. मी खोटं सांगितलं."

हौसानं मान हलवली.

"नाय गो. तू आता मला बरं वाटावं म्हनून सांगतेस. तो म्हनाला तेच खरं. मी घरी येऊन लय विचार केला. माझं लग्न झालं तेव्हा आय जाऊन वरीस नव्हतं झालं. एवढासा होता तो. माझा पदर सोडीना. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली नि गाडीत बसले. मागं वळून नाय बघितलं, बघितलं असतं तर जाता आलं नसतं. आता तो मला जा म्हनाला. मी म्हटलं, बरोबर हाय. इतकी वर्सं मनात ठेवलं व्हतं त्यानं."

शांतीला वाटलं होतं, हौसा शिव्या देईल, हात उगारील. हे तिनं मनात आणलं नव्हतं. आपण रागाच्या भरात फेकलेलं वाक्य या म्हातारीनं घरी नेऊन, आपल्या जुन्या दुखण्याशी जुळवून खरं मानलं होतं. दोन-अडीच महिने ती त्यासकट जेवली होती, झोपली होती.

"आक्का, माझ्या मालूच्या गळ्याची शपथ," शांती म्हणाली. "त्यांच्या मनात यातलं काही नाय. तुम्हाला सांगता येईना म्हणून ते ओरडायला गेले नि गुदमरले. ते तुमच्यावर नाय, माझ्यावर ओरडत होते."

आता मात्र हौसाला पटलं. तिचा चेहरा बदलत गेला.

"का गो असं केलंस?"

"तुमचा राग आला होता."

"मग माझ्याशी भांडायचं व्हतं. म्हातारे, चालती हो म्हनायचं. मी भांडले असते, गेले असते, पुन्हा आले असते." हौसाचा आवाज चढला नाही. "त्याच्या तोंडून कशाला बोललीस? त्याला तोंड नाय म्हनून?"

शांतीनं मान खाली घातली. हौसानं तिला पाणी दिलं, घरात बोलावलं नाही.

"तू जा. मी येईन माझी मी. तुझ्यासंगं नाय येनार."

घरी परतल्यावर शांतीनं महिपतीला सगळं सांगितलं. बहिणीच्या लग्नातली गोष्ट आली तेव्हा त्यानं डोळ्यांवर हात घेतला.

हौसा माघी पौर्णिमेच्या आसपास आली. शांतीशी बोलली नाही, सरळ भावापाशी गेली. दोघं एकमेकांचे हात धरून बसली. महिपतीचे ओठ घाईघाईनं हलू लागले, आणि हौसा सवयीनं मागे वळून शांतीकडे बघणार, तोच थांबली. तिनं विचारलं नाही. तिला विचारायचं नव्हतं.

शांती पुढे झाली. "आक्का, तुम्ही त्यांच्या डोळ्यांकडे बघता. ओठांकडे बघा. नि अहो, तुम्ही सावकाश बोला, एकेक शब्द." तिनं हौसाला उजेडाकडे पाठ करून बसवलं, म्हणजे उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडेल. "'प' नि 'म' ला ओठ मिटतात. 'आक्का' म्हणताना तोंड असं उघडतं. बघा."

महिपतीनं ओठ हलवले.

"आक्का," हौसा म्हणाली. "मला म्हनाला. आक्का."

शांती उठून बाहेर आली आणि मागचं दार ओढून घेतलं. परसात वालाचे वेल शेंगांनी लगडले होते, त्या ती तोडत बसली. आतून मधूनमधून हौसाचाच आवाज येत होता: "काय? पुन्हा म्हन. व्हय... व्हय रे." महिपती काय सांगत होता ते तिला ऐकू येणार नव्हतंच. आपल्याबद्दल असेल. नसेलही. आत जाऊन ओठ बघावेत असं तिला फार वाटलं आणि ती शेंगा तोडत राहिली.

हौसा शिमगा करून गेली. जाताना "येते गो" म्हणाली. त्याच्या पुढे काही नाही.

ती गेल्यावर संध्याकाळी शांती गॉज बदलायला बसली. गळ्याची कातडी आता बरीच भरून आली होती. पुढच्या महिन्यात परळला बोलावलं होतं, बोलायला एक लहानसा वाल्व्ह बसवतात त्यासाठी. तिनं जुनं गॉज काढलं आणि हात न थांबवता म्हणाली, "मी तुमचा गुन्हा केला."

महिपतीनं तिच्याकडे बघितलं. खूप दिवसांनी त्याचे ओठ तिच्यासाठी हलले. तू दमली होतीस.

ते वाक्य घ्यावं असं तिला एकदम वाटलं. धोंडुबाईनं घेतलं असतं, सगळ्या गावानं घेतलं असतं. इतके महिने ती खरोखर दमलेली होती.

"नाय," ती म्हणाली. "दमले होते, पण त्या सकाळी दमले म्हणून नव्हतं ते. मला तुमच्यासारखं बोलून बघायचं होतं. एकदा. नि तुम्हाला काही करता येणार नाय, हे मला माहीत होतं."

महिपतीनं मान मागे टेकवली, गळा तिच्यापुढे केला, आणि ती नवीन गॉज बांधू लागली.