साहेबाच्या खोलीचा गारवा

"मी शेजारच्या प्रयागबाईले सांगून जातो," द्वारकाबाई म्हणाली, तशी दौलतने चहाची बशी खाली ठेवली.

"तिले काय सांगतं?"

"कोंबड्याईकडं पाह्यजो म्हनून. ऊन कसं तापून राह्यलं! दुपारी एखांदी बसल्या जागी मरते."

"अन् मी काय मेलो?"

द्वारकाबाई पिशवीत झबली-टोपरी भरत राहिली. तलमडुगुला तिच्या बहिणीला, सोनाबाईला, नातू झाला होता. सकाळच्या बसने जायचं, बाळाचं तोंड पाहायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं, एवढाच बेत होता. तेवढ्या दिवसापुरतंसुद्धा घर आपल्यावर टाकायला ही तयार नाही, हे दौलतला फार लागलं.

गेल्याच महिन्यात तो रिटायर होऊन बेल्याजवळच्या या आपल्या गावी आला होता. मंचिर्यालच्या तहसील कचेरीत तो अटेंडर, म्हणजे शिपाई होता. पुढे सरकारने तालुके मोडून मंडलं केली, कचेरीवरची पाटी बदलली, साहेब तर कितीतरी येऊन गेले. दौलतचं काम मात्र तेच राहिलं. सगळ्या नोकरीत तो महिन्यातून एकदा घरी यायचा, आणि आला की दोन दिवस त्याचा थाट असायचा. आता तो कायमचा आला, आणि थाट संपला. तो उठायच्या आत द्वारकाबाईचं पाणी भरून झालेलं असे. जळण रचलेलं, अंगण झाडलेलं. दौलत खाटेवर बसे, उठे, फाटकापर्यंत जाई, परत येई. बसस्टँडवर जाऊन कोण आलं कोण गेलं ते पाही आणि पुन्हा खाटेवर येऊन बसे. घर आपलं, बाई आपली, आणि आपण इथे पाहुणे, असं त्याला झालं होतं.

त्यात या कोंबड्या. द्वारकाबाई त्यांच्याशी दिवसभर बोलायची. कवडी नावाची ठिपक्यांची एक कोंबडी तर तिच्या पायात पायात असायची. एवढ्या वर्षांत बाई आपल्याशी जेवढी बोलली नसेल तेवढी त्या कवडीशी बोलली असेल, असं दौलतच्या मनात येई. मग कोंबडीचा हेवा करतो म्हणून स्वतःचीच लाज वाटे.

"अवं, उन्हाळ्यात सायबाले थंड ठेवलं मीनं," तो म्हणाला. "कोंबड्याईचं काय घेऊन बसली?"

द्वारकाबाई हसली. "बरं मंग, तुमच्या भरोशावर. लिंबाखाली पानी शिंपजा, परळातलं पानी बदलत राह्यजा. त्याईले मोकळं राहू द्या. बाकी त्याईचं त्याईले समजते."

पण तिची शेवटची दोन वाक्यं दौलतच्या कानांत शिरलीच नाहीत. 'तुमच्या भरोशावर' एवढं ऐकूनच त्याची छाती फुगली होती.

बस गेली आणि ऊन चढलं. रोहिणीतलं ऊन ते, सकाळपासूनच डोळ्यांवर येत होतं. दौलतने लिंबाखाली पाणी शिंपलं, ते शिंपता शिंपता वाळलं. पाण्याचे पसरट परळ भरले. कोंबड्या चोची आ करून, पंख अंगापासून लांब धरून झाडाखाली उकरलेल्या खड्ड्यांत पसरल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. ऊन झालं की कोंबडी अशीच बसते. पण दौलतने ती कधी पाहिली होती? त्याला वाटलं, या मरायला लागल्या.

त्याने पुन्हा पाणी शिंपलं. खाटेवर बसला, लगेच उठला. कवडीचे डोळे मिटलेले दिसले. त्याने तिला पायाने हलवलं, तर ती चिडून दूर जाऊन पसरली. वारा सुटला, तोही भट्टीतून आल्यासारखा. हात बांधून बसणं त्याला अशक्य झालं. काहीतरी केलं पाहिजे, आणि काय करायचं ते आपल्याला चांगलं येतं, हे त्याला एकदम आठवलं.

उन्हाळा लागला की कचेरीत साहेबाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागत. त्यांच्यावर पाणी मारण्यात दौलतचा हात धरणारा कोणी नव्हता. पडदा कुठे सुका राहायचा नाही, कडेला कुठे फट राहायची नाही. राहिलीच तर साहेब आतून ओरडे, "दौलत, गरम हवा आ री देखो!" नवे साहेब आले की जुने त्यांना सांगून जात, उन्हाळ्यात या माणसाला दुसरीकडे देऊ नका. नोकरीत त्याचं कौतुक झालं ते एवढंच, पण झालं होतं.

वाळा इथे कुठला? पण घरात कापसाचं बारदान पडलं होतं. कोंबड्यांचं खुराडं पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाचं, चारी बाजूंनी वारा खेळणारं. दौलतने पोती उसवली, बुद्धविहाराजवळच्या बोरिंगवरून बादल्या आणल्या, पोती भिजवली आणि खुराड्याला चहूबाजूंनी बांधली. वरूनही टाकली. कोपरे दुमडले, सुतळीने आवळले. मग एकेक कोंबडी धरून आत सोडली. त्या ओरडल्या, पळाल्या, त्यांनी त्याच्या हाताला बोचकारलं. तो घामाने न्हाऊन निघाला, पण शेवटची कवडी आत गेली तेव्हा त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. बाई येईल, हात लावून पाहील, आणि काही बोलली नाही तरी तिला कळेल.

तो पोत्यांवर पाणी मारत राहिला. आतला कलकलाट हळूहळू कमी झाला. गार वाटायला लागलं त्यांना, असं समजून तो खाटेवर टेकला. तिथेच त्याचा डोळा लागला.

प्रयागबाईच्या हाकेने तो जागा झाला.

"दौलतराव, कोंबड्या कुटं गेल्या जी? एक बी दिसून नाई राह्यली."

"या, दाखवतो," दौलत रुबाबात उठला. "आमच्या कचेरीत असंच करत होतो."

त्याने एका कोपऱ्याची सुतळी सोडली आणि पोतं वर केलं. आतून उकडलेल्या भाताच्या भांड्यातल्यासारखी वाफ तोंडावर आली.

पुढचं त्याला नंतर नीट आठवेना. पोती ओढून फेकली, कोंबड्या बाहेर काढल्या, त्यांच्या माना हातात लुळ्या पडत होत्या. प्रयागबाईने धावत जाऊन कांदा ठेचून आणला, जिच्यात थोडी धुगधुगी वाटली तिच्या चोचीत रस पिळला, पाय पाण्यात धरले. तीन कोंबड्या वाचल्या. बाकीच्या गेल्या. कवडीही गेली.

"आता कापा तं खरं," प्रयागबाई हळूच म्हणाली. "वाया काऊन घालवता?"

दौलतने मानेनेच नको म्हटलं. कुंपणाच्या कडेला त्याने खड्डा खणायला घेतला. जमीन दगडासारखी झाली होती. प्रयागबाई थोडा वेळ उभी राहिली, मग जाता जाता म्हणाली, "मानमोडीची साथ आली म्हना. बेल्यात बी येऊन गेली. मी नाई सांगत कोनाले."

संध्याकाळी तो बसस्टँडवर गेला. द्वारकाबाई उतरली, त्याला पाहून तिला नवल वाटलं. त्याने पिशवी घेतली. बस थांबली की तिथेच सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं, पण ती बाळाचं बोलत होती. बाळाचं नाक कोणावर गेलं, बाळ कसं रडतं, सोनाबाई कशी येऊच देत नव्हती. तो नुसता हूं हूं करत चालला. त्याला तोंड उघडायची भीती वाटत होती.

अंगणात शिरताच तिने हाक घातली, "टी टी टी!"

तीन कोंबड्या आल्या. तिने पुन्हा हाक घातली.

"येत नाईत त्या," दौलत म्हणाला. "मेल्या."

"मानमोडी आली का जी?"

हो म्हटलं असतं तर तिथेच निभावलं असतं. दौलतच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं.

"नाई. मीनं मारल्या," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

द्वारकाबाई खुराड्याजवळ गेली. पडलेली पोती एव्हाना वाळून कडक झाली होती. मग कुंपणाकडची ताजी माती तिला दिसली, आणि ती तिथेच मटकन बसली. पदर डोळ्यांना लावून ती बराच वेळ रडली. दौलत जवळ उभा होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

शेवटी ती म्हणाली, "कचेरीत असंच बांदत होते तुमी?"

"असंच. फट बी नाई ठेवत होतो."

"मंग आत सायबाचा जीव नाई घाबरला कदी?"

हा प्रश्न दौलतला कधी कोणी विचारला नव्हता, त्यालाही पडला नव्हता.

"आत पंका फिरत असन," तो म्हणाला. "दार बी उघडं असन तिकडचं. मले काय मालूम? मी भायेर राहो उन्हात. भायेरून पानी मारो." मग तो म्हणाला, "तिथं आत कसं वाटते, ते मले कदी समजलंच नाई, द्वारके."

द्वारकाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं भर उन्हात शेतातली धसकटं वेचताना तिला एवढंच समाधान असायचं, की आपलं माणूस तरी साहेबाच्या गारव्यात आहे. बायांना तिने तसं कितीदा सांगितलंही होतं.

ती उठली. डोळे पुसले, आणि लिंबाखालची खाट ओढून नीट केली.

"बसा इथं."

"राहू दे. मी..."

"बसा म्हनतो ना."

तो बसला. तिने बादली भरून आणली आणि तांब्याने खाटेभोवती पाणी शिंपायला लागली. तापलेल्या मातीचा वास सुटला, तिन्ही कोंबड्या ओलीवर येऊन पसरल्या. दौलत पुरे पुरे म्हणत होता, पण बादली संपेपर्यंत ती थांबली नाही.