रातबगळ्याचा न वाचलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. चित्रांच्या गोष्टीचा अंक, रातबगळा नावाच्या वीराचा शेवटचा. आधीच सांगून टाकतो, माझ्यावरून जेवढी माणसं भांडली तेवढी मला वाचायला बसली असती, तर आज मी इतका कडू बोललो नसतो.

एका थंडगार गावातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. स्वस्तातला कागद, त्यावर काळी शाई भरपूर, कारण गोष्टच काळी होती. पाठीत दोन पिना ठोकल्या, कडा कापल्या. आता उजेड दिसणार म्हणून मी खूश होतो. कसला उजेड! मला उचललं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि तिचं तोंड गरम करून चिकटवून टाकलं. पिशवीवर चंदेरी पीस छापलेलं होतं. लोकांना त्या पिसाचं केवढं कौतुक! मला ती पिशवी प्रेतावर घालायच्या कापडासारखी वाटायची.

रातबगळा माहीत नसेल तर ऐका. बंदरावरच्या एका शहरात रात्री फिरणारा, लांब पायांचा, करड्या झग्यातला माणूस. गुंडांना धरायचा, बदडायचा, पण कुणाचा जीव घ्यायचा नाही. पकडलेल्याला धक्क्यावरच्या खांबाला बांधायचा आणि म्हणायचा, "सकाळ तुझीपण आहे." म्हणजे, उद्याचा सूर्य तूही बघशील. त्याचा सगळ्यात मोठा वैरी घंटेवाला. हा खून करायच्या आधी घंटा वाजवायचा. त्यालासुद्धा रातबगळ्यानं कितीदा पकडलं आणि कितीदा जिवंत ठेवलं.

मी येऊन पडलो यंग्सटाउन नावाच्या पोलादाच्या गावात, इर्मा पेट्राकिसच्या चित्रकथांच्या दुकानात. पोलादाचे कारखाने बंद पडले तरी हे दुकान चालू होतं. इर्मा जाडजूड, फाटक्या तोंडाची, हातात कायम सिगारेट. दर बुधवारी नवे अंक यायचे आणि दुकान भरून जायचं. निघताना प्रत्येक जण दारातून ओरडायचा, "सकाळ तुझीपण आहे." मग आतले सगळे तेच ओरडायचे. चांगले टक्कल पडलेले बाप्ये हो, पण हे म्हटल्याशिवाय एकाचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. वाद झाला तरी शेवटी हेच म्हणून मिटवायचा, अशी तिथली रीत.

त्यात दोघं जुने. लॉनी साबो पावाची गाडी चालवायचा. रसेल ओडम हायस्कूलच्या बॉयलरवर होता. लहानपणी दोघांत मिळून एकच अंक घ्यायचे. डावी बाजू लॉनीनं धरायची, उजवी रसेलनं. लॉनीचं वाचन सावकाश. रसेलचं पान केव्हाच वाचून व्हायचं, पण तो थांबायचा आणि विचारायचा, "उलटू?" लॉनी म्हणायचा, "थांब." मग थोड्या वेळानं, "हां, उलट." मोठे झाले, लग्नं झाली, तरी दुकानातल्या बाकावर हे चालूच. इर्मा म्हणायची, बायकांनी यांना कधीच सोडायला हवं होतं.

लॉनीचा पोरगा डीन याच दोघांच्या मधे बसून मोठा झाला. पुढं तो पेट्रोल पंपावर कामाला लागला. गल्ल्यातल्या पैशांसाठी एकानं त्याला गोळी घातली. मारणारा सापडला, खटला झाला, जन्मठेप झाली. लॉनी घराबाहेर पडेना. तेव्हा रसेल दर बुधवारी अंक घेऊन त्याच्या घरी जायचा, डावी बाजू त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "उलटू?" असं करत करत त्यानं लॉनीला परत दुकानाच्या बाकावर आणून बसवलं. त्या बाकाशिवाय लॉनीला जायला दुसरी जागाच उरली नव्हती. बायकोशी बोलणं संपलेलं, चर्च सोडलेलं. होता तो एक रसेल.

आणि मग मी आलो.

या लोकांची एक खोड सांगतो. नवा अंक घेतला की दोन घ्यायचे, एक वाचायला आणि एक न उघडता ठेवायला, पुढं भाव येतो म्हणून. माझ्या वेळी प्रती कमी आल्या. इर्मानं ठणकावून सांगितलं, एका डोक्याला एक. आता वाचायचा की ठेवायचा? सगळ्यांनी ठेवला. सगळ्यांनी! आत काय आहे ते मग शेजारच्या अॅक्रन गावाहून फोनवर कळलं. तिथं इर्माच्या भावाचं दुकान, आणि त्याच्याकडच्या कुणीतरी एक अंक फोडला होता. रातबगळ्यानं घंटेवाल्याला गळा दाबून मारलं म्हणे. सहा चौकटी नुसतं मारणंच, रक्त अगदी पानाच्या कडेपर्यंत. पुढं काय, हे कुणी विचारलंच नाही.

झालं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, त्यावर पंगत बसली. एक म्हणाला, शेवटी मिशी फुटली पठ्ठ्याला. दुसरा म्हणाला, ही घाण आहे, पोरं वाचतात हे. तिसऱ्यानं विचारलं, कुठली पोरं? इथं सगळ्यात लहान तू आहेस आणि तुला गुडघेदुखी आहे. काही जण लिहिणाऱ्याला शिव्या घालत होते, काही चितारणाऱ्याचे हात धुऊन पाणी प्यायला तयार होते. मी लॉनीच्या मुठीतून ऐकत होतो. बाकी प्रत्येकाच्या काखेत माझा एकेक भाऊ होता, गच्च बंद.

रसेल म्हणाला, "मारलं असेल तर तो रातबगळा नाहीच. कुणीतरी त्याचा झगा चोरून घातलाय."

लोक हसले. लॉनी हसला नाही.

"का मारू नये?" तो म्हणाला. "किती जणांचा जीव घेतला त्यानं. हा आपला बांधतो, तो सुटतो, परत मारतो. हा परत बांधतो. ह्याला काय जातंय?"

रसेलनं समजवायला सुरुवात केली. एकदा मारलं की दोघांत फरक काय राहिला, वगैरे. बोलता बोलता गडी तापला. लॉनी ऐकत होता आणि त्याच्या मुठीत माझी पिशवी चुरगळत होती. शेवटी रसेलनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि नेहमीच्या रीतीनं वाद मिटवायला गेला.

"सोड ना लॉनी. घंटेवाला झाला म्हणून काय? सकाळ त्याचीपण आहे."

रसेल काय बोलून बसलाय ते सगळ्यांना कळलं. त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी.

लॉनीनं खांद्यावरचा हात काढून ठेवला. ढकलला नाही, काढून ठेवला.

"तो तिकडं तुरुंगात रोज सकाळी अंडी खातो, रसेल. रोज सकाळी. माझ्या डीनची सकाळ कुठंय?"

"मी कॉमिकबद्दल बोलत होतो."

"मीपण," लॉनी म्हणाला.

त्यानं मला काउंटरवर टाकलं आणि गेला. दारातून काही ओरडला नाही. इर्मानं मला त्याच्या नावाच्या खोक्यात ठेवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक खोकं असायचं तिच्याकडं, काउंटरच्या मागं. तेच माझं घर झालं.

त्यानंतर लॉनी गुरुवारी यायला लागला, बुधवारी रसेल असतो म्हणून. बाकावर बसायचा नाही, उभ्या उभ्या पावाची एक लादी इर्माला द्यायचा आणि निघायचा. रसेल बुधवारी इर्माजवळ निरोप ठेवायचा. काय निरोप? तर रातबगळ्यानं न मारणंच कसं बरोबर, याचे नवे नवे मुद्दे! मला तर त्या खोक्यातून उडी मारून त्याच्या टाळक्यात बसावंसं वाटायचं. अरे बाबा, चुकलो म्हण ना. एक शब्द. ते राहिलं बाजूला आणि हा वकिली करत बसला. इर्माही त्याला म्हणाली, "टोणग्या, मुद्दे नको पाठवू. तू जा." तो म्हणाला, जाईन.

मधल्या काळात माझी फार स्तुती चालली होती. माझ्यासारख्यांचा भाव वर चाललाय म्हणून लोक भिंतीवर टांगून ठेवायचे. दुसरी छपाई आली, साधी, पिशवीशिवाय. ती कुणीही उघडून वाचू शकला असता. पण दुसऱ्या छपाईला हे लोक शिळ्या भातासारखं बघतात. ती तशीच खोक्यात सडली आणि रद्दीत गेली. मग एक दिवस कळलं की माझा भावही कोसळला. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर दुर्मिळ कोण राहणार? चंदेरी पिसावर धूळ बसली. खोकं खाली सरकलं, मग अजून खाली.

एका गुरुवारी लॉनीनं इर्माकडं मला मागितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं पिशवीच्या तोंडाला नख लावलं. मित्रांनो, तेव्हा माझं काय झालं असेल! फाड, मी मनात म्हणत होतो, फाड रे.

"आत तसंच आहे ना?" त्यानं इर्माला विचारलं. "मारलंय ना त्यानं?"

"बघ की उघडून."

तो थांबला. नख तसंच. मग म्हणाला, "नको. किंमत जाईल."

किंमत! तेव्हा मला रद्दीवालासुद्धा विचारत नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला आत डोकावायची भीती वाटत होती. मारलं नसेल तर? किंवा मारलं असेल, आणि तरी बरं वाटलं नाही तर? त्यानं मला परत दिलं.

मग त्याच्या मुलीचं, टेरीचं, लग्न निघालं. आमच्या भागात लग्नात केकपेक्षा बिस्किटांच्या टेबलाला मान. नातलग, शेजारी, मित्र, सगळ्यांनी घरून भाजून आणायचं आणि लांबच लांब टेबल भरायचं. कुणाचं ताट टेबलावर लागलं आणि कुणाचं नाही, यावरून तिथं पिढ्यान्‌पिढ्या वैरं चालतात. रसेलला आमंत्रण नव्हतं. तरी त्यानं अक्रोड भरलेली बिस्किटं भाजली, डीनला आवडायची ती, आणि सकाळीच हॉलच्या मागच्या दारी ताट देऊन आला. बोलून जमलं नाही ते त्यानं बिस्किटांत घातलं होतं.

पुढच्या बुधवारी तो तेच ताट घेऊन दुकानात आला. वरचा कागद सोडलेलासुद्धा नव्हता. लॉनीनं परत पाठवलं होतं. रसेलनं ताट काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाला, खा रे, ताजी नाहीत पण खा. कुणी हात लावेना. शेवटी इर्मानं एक उचललं, खाल्लं आणि म्हणाली, "अक्रोड खवट आहे." मग तिनं तोंड फिरवलं. खवट नव्हता.

रसेल पुन्हा निरोप ठेवायला आला नाही.

त्यानंतर काही हिवाळे गेले. लॉनी पावाच्या गाडीतच गेला. सिग्नलला गाडी थांबली ती थांबलीच. मागचे भोंगे वाजवत होते म्हणे. इर्माही थकली होती, तिनं दुकान मोडायला काढलं. लॉनीच्या खोक्याचं काय करू, असं टेरीला विचारलं तर ती म्हणाली, रसेलकाकाला द्या, आमच्यात दुसरं कोण वाचणार.

तो आला. केस पांढरे, खांदे उतरलेले. बाकावर बसला, आपल्या नेहमीच्या उजव्या बाजूला, डावी सोडून. सगळं खोकं चाळलं आणि तळाशी मी निघालो. त्यानं काही विचार केला नाही. टर्रकन पिशवी फाडली. मित्रांनो, एवढ्या वर्षांनी हवा लागली मला. मी ज्यासाठी जन्मलो ते आत्ता होत होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला धडकी भरली. कारण मला माझी अवस्था ठाऊक होती. त्या जपून ठेवायच्या पिशवीत मला वर्षानुवर्षं घाम सुटला होता. माझी मागची पानं एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटून एक झाली होती.

रसेल वाचत गेला. घंटेवाला बंदरावरच्या एका पोरीला मारतो. रातबगळा त्याला गाठतो. मग त्या सहा चौकटी. गळा, हात, पाणी, रक्त. रसेलनं त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या.

"मारलंय," तो म्हणाला. "लॉनी बरोबर होता."

"पुढं आहे काहीतरी," इर्मा वाकून म्हणाली.

"पुढं काय असणार? मारलं, संपलं."

तरी त्यानं ओढून बघितलं. पानं सुटली, पण चित्रं प्लास्टिकबरोबर गेली. त्याच्या हातात पांढरं, सोललेलं कागदाचं सालपट राहिलं.

तिथं काय होतं ते मी सांगतो, कारण या दुकानात आता मीच एकटा सांगू शकतो. रातबगळा झगा काढतो. ओल्या हातांनी त्या पोरीच्या आईचं दार वाजवतो. म्हणतो, मारलं मी त्याला. आई विचारते, "मग आता माझी पोरगी जेवायला येईल का?" तिच्या डोळ्यांत क्षमा नाही. पण ती दार लावून घेत नाही. एक खुर्ची सरकवते. दोघं बसतात आणि खिडकीत उजाडायला लागतं. बस. समाप्त.

लॉनीला ती खुर्ची हवी होती. रसेललाही. तीनच पानं पुढं होती ती. नखाएवढ्या अंतरावर.

इर्मा म्हणाली, अॅक्रनचा भाऊ कुठूनतरी दुसरी प्रत शोधून देईल, वाच सगळं नीट.

रसेलनं मला मिटलं. बाकाच्या रिकाम्या बाजूवर हात फिरवला.

"आणि उलटू का म्हणून कुणाला विचारू?"

तो उठला. दारात क्षणभर उभा राहिला, सवयीनं तोंडही उघडलं, पण शब्द बाहेर आला नाही. गेला. मला बाकावर ठेवून गेला, डाव्या बाजूला.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला जपलं म्हणूनच माझी ही गत झाली. दुमडा, डाग पाडा, पिना निघू देत. पण उघडा. आणि बाजूला बसणारा आहे तोवर उघडा.