कारणवालं तट्टू

हुडकेश्वरच्या त्या शाळेत नववी ‘ब’ला दीक्षाइतका खणखणीत आवाज कोणाचाच नव्हता. वक्तृत्व स्पर्धेला वर्गातून एकच नाव जायचं होतं. ते आपलंच, हे दीक्षानं कधीचंच ठरवून टाकलं होतं. भाषणही तयार होतं, ई-रिक्षा चालवणाऱ्या स्वतःच्या आईवर. सगळं अडलं ते आईच्या एका वाक्यावर!

“‘मला भीती नाही वाटत,’ असं म्हण,” अस्मिता मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“‘मले भेव नाही लागत,’” दीक्षा तिसऱ्यांदा म्हणाली. “मॅडम, हे आईचं वाक्य हाये. ती ‘मला’ म्हणाली, तर आमच्या गल्लीतलं कुत्रंही तिले ओळखणार नाही!”

वर्ग खिदळला. मॅडमनी डस्टर आपटलं. “किती अडेलतट्टू आहेस गं! लिहू का दुसऱ्या कोणाचं नाव?”

शेजारच्या मिनलनं दीक्षाची ओढणी ओढली. “म्हण ना वं ‘मला’! काय जाते तुयं?”

एक वाक्य बदललं की माईक दीक्षाचा. पण तोंडातून निघालं भलतंच. “मॅडम, अडेलतट्टू म्हणजे नेमकं काय?”

शब्दाचा अर्थ विचारला की मॅडमना राग धरवत नसे. “तट्टू म्हणजे लहानखुरं घोडं. वाटेत अडून बसलं, की ओढा, मारा, हलत नाही. तसाच जो माणूस काही कारण नसताना अडून बसतो, त्याला म्हणतात.”

“कारण नसताना?”

“हो.”

“मग तो शब्द मले लागूच होत नाही मॅडम!” दीक्षा जागेवरच उसळली. “माझ्याजवळ कारण हाये!”

“हे कारणवालं तट्टू हाये!” मागच्या बाकावरून गोलू ओरडला आणि वर्गभर बाकं बडवली गेली. मॅडमनी ओठ घट्ट मिटले, पण हसू काही आवरलं नाही.

“बरं बाई. तुझी वाक्यं प्रमाण भाषेत, आईचं आईच्या भाषेत. चालेल?”

“पळेल मॅडम!”

मॅडम यादीत नाव लिहू लागल्या. ‘दीक्षा’ लिहून झालं, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “मॅडम, आई भाषणात अजून चारदा बोलते.”

पेन थबकलं. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. दीक्षानं नजर खाली वळवली नाही.

मॅडमनी आडनाव लिहिलं.